वडोदऱ्याहून वेळावदर : काळविटांसाठी एक मुक्काम, दोन फेऱ्या

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुजरातमध्ये भावनगरजवळच्या वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवतोय. चार मोठी माणसं आणि नऊ वर्षांची मुलगी. मोठ्यांत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात. गाडी घरची, साधी सेडान. सकाळी निघून रात्री परत येणं जमेल का? रस्ता कोणता धरावा? सेडान आत चालेल का? आणि ८ बाय ४० ची एकच दुर्बीण आहे, ती पुरेल का?

भालवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. एका दिवसात जाऊन येऊ नका. अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, थांबे धरून चार तास. म्हणजे येणं-जाणं जमतं, पण नेमकी बघण्याची वेळ हातची जाते. पहाटे चारला निघालात तरी तिकीट, गाइड हे सगळं होईपर्यंत आठ-साडेआठ वाजतात. दहानंतर ऊन चढतं, जमीन तापते, लांडगा-तरस आडोशाला जातात आणि काळविटं चरायची थांबून बसून राहतात. संध्याकाळसाठी थांबलात तर परतीचा रस्ता अंधारात, आणि त्या रस्त्यावर रात्री रोही आडव्या येतात. आपल्याकडे नीलगाय म्हणतात ती. दोन-अडीचशे किलोचं जनावर बॉनेटवर आलं तर काय होतं, ते सांगायला नको.

म्हणून एक मुक्काम, दोन फेऱ्या. पहिल्या दिवशी संध्याकाळची, दुसऱ्या दिवशी सकाळची. साडेनऊला घर सोडलंत तर वाटेत जेवूनही दोनपर्यंत पोचता. जानेवारीत तिथे सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो आणि सूर्य सव्वासातनंतर उगवतो, त्यामुळे पहाटेही फार धावपळ होत नाही.

रस्ता असा : वडोदरा, महीचा पूल, वासद, बोरसद, तारापूर, वटामण चोकडी, पिपळी, धोलेरा, अधेळाई आणि तिथून वेळावदरचा फाटा. वासद ते वटामण रुंद आणि सरळ आहे. खरी सावधगिरी वटामणनंतर. ट्रकची वर्दळ मोठी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे भाल नावाच्या या सपाट पट्ट्यात दाट धुकं उतरतं. खाडी जवळ आणि जमीन सपाट, त्यामुळे धुकं रेंगाळतं. परतताना सकाळची फेरी संपवून दहानंतर निघा, म्हणजे धुक्याचा प्रश्न उरत नाही. टाकी वटामणच्या आधीच भरून घ्या. पुढे पंप शोधण्यात वेळ घालवू नका.

सेडान चालेल. आतले रस्ते मातीचे पण सपाट आहेत. दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा तेवढा खाली घासू शकतो, म्हणून डिकीत जड सामान ठेवू नका, ते मुक्कामाच्या खोलीवर ठेवून या. खात्याचा गाइड गाडीत बसतो, त्याची जागा धरून हिशेब करा. तुम्ही पाच, त्यात गाइड म्हणजे सहा जण. सेडानमध्ये हे बसत नाही. एकतर सात आसनी गाडी घ्या, नाहीतर आतल्या फेरीसाठी भाड्याची जीप ठरवा. स्वतःची गाडी आत न्यायचे नियम बुकिंग करतानाच विचारून घ्या.

मांजलपूर_पाखरू

मुक्कामाबद्दल थोडं. फाटकाशी वनखात्याचं काळियार भवन आहे. गुजरातीत काळवीट म्हणजे काळियार. खोल्या मोजक्या आहेत, जानेवारीत लवकर भरतात, दीड-दोन महिने आधी खटपट करावी. खाजगी लॉज आहे पण महाग. तिसरा मार्ग भावनगरला राहण्याचा : पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, तास-सव्वातास. आईंना पहाटे पुन्हा तासभर प्रवास नको असेल तर फाटकाजवळच राहा.

शनिवार-रविवार टाळा. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला प्रवेशाचे दर जास्त असतात आणि गर्दीही. मंगळवार-बुधवार उत्तम. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ न्या. कॅमेऱ्याची फी वेगळी लागते, गाइडचे पैसे वेगळे. सुटी नोट जवळ ठेवा. नेटवर्क अधूनमधून जातं, त्यावेळी मोबाइलवरून पैसे देणं अडतं.

दांडियाबाजार१९

पादऱ्यावरून गंभीरा पूल पार करून बोरसदकडे निघालं तर जवळ पडत नाही का? शहरातून बाहेर पडायला सोपं.

भालवाट

नाही, तो विचार सोडा. गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी कोसळला आणि त्यात माणसं गेली. जुने नकाशे अजून तीच वाट दाखवतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. वासदचाच पूल धरा. सिंधरोट-उमेटाचा रस्ताही आहे, पण तिथे वेळ वाचत नाही.

असाच दुसरा जुना सल्ला लोक अजून देतात, की दहेजहून घोघ्याची फेरी बोट घ्या. ती २०१७ मध्ये सुरू झाली होती, आता बंद आहे. गाळामुळे तिथे बोट चालवणं परवडत नव्हतं. सध्याची बोट हजीऱ्याहून घोघ्याला जाते, ती सुरतकरांच्या सोयीची.

कमाटीबाग_दुर्बीण

दुर्बिणीबद्दल. ८ बाय ४० चांगलीच आहे, कदाचित १० बाय ४२ पेक्षा बरी. गाडीत हात हलतो, आठपट मोठं दिसणारी प्रतिमा जास्त स्थिर राहते. पण पाच जणांत एक म्हणजे भांडण. मुलीसाठी हलकी ८ बाय २५ घ्या, तिच्या डोळ्यांतल्या अंतराला बसेल अशी. मुलांना दुर्बिणीतून काही दिसत नाही ते बहुधा एवढ्यासाठीच : दोन नळ्या जवळ येतच नाहीत, मग दोन काळे गोल दिसतात. घरी गच्चीवर दोन दिवस सराव करून घ्या.

कोणी फोटो काढणार असेल तर :

गवताळ रानात सगळ्यात मोठा शत्रू तापलेली हवा. साडेनऊनंतर जमिनीवरून झळा उठतात आणि शंभर मीटरवरचं काळवीट पाण्याखाली असल्यासारखं हलतं. कितीही महागडी लेन्स लावा, हा दोष दुरुस्त होत नाही, कारण दोष लेन्सचा नसतोच. दुपारी लांबचे फोटो काढण्यापेक्षा कॅमेरा बाजूला ठेवा आणि नुसतं बघा.

लेन्स ४०० मिमी पासून पुढे. गाडीच्या खिडकीवर ठेवायला बीन बॅग हवी : जाड कापडाची पिशवी, त्यात दोन-अडीच किलो मोहरी. तांदूळही चालतो, मोहरी जास्त घट्ट बसते. थर्मोकोलचे मणी घालू नका, खिडकीवरून घसरतात. फोटो काढताना इंजिन बंद. चालू इंजिनाची थरथर बीन बॅगमधूनही कॅमेऱ्यात जाते. आणि एसी. थंड गाडीतून लेन्स एकदम बाहेरच्या दमट हवेत काढलीत तर काच धुरकटते, आणि सुकायला दहा-पंधरा मिनिटं जातात. फाटकापासूनच एसी बंद, खिडक्या अर्ध्या उघड्या.

काळविटाचा नर हा कॅमेऱ्याच्या उजेडाच्या मोजमापाला अवघड जीव. पाठ जवळजवळ काळी, पोट पांढरंशुभ्र, मागे फिकट पिवळं गवत. चौकटीत नर मोठा असेल तर कॅमेरा काळ्याला उजळ करायला जातो आणि पोटाचं पांढरं तपशील हरवून फटफटीत होतं. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, दोन तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली आणा. नर लहान आणि गवत जास्त असेल तर उलट, थोडं वर न्या. उड्या मारणाऱ्या कळपासाठी शटर १/२००० सेकंदापेक्षा संथ नको.

मांजलपूर_पाखरू

एक मुद्दा मला जोरात सांगावासा वाटतो. वेळावदरला माणसं काळवीट बघायला जातात आणि आकाशाकडे बघतच नाहीत. हिवाळ्यात इथे हॅरियर, मराठीतला भोवत्या, शेकड्यांनी मुक्कामाला येतो. मध्य आशियातून येणारे हे शिकारी पक्षी रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर झोपतात. जगातल्या मोठ्या हॅरियर मुक्कामांत वेळावदरचं नाव घेतलं जातं, आणि हे दृश्य संध्याकाळच्या शेवटच्या तासातच दिसतं.

त्यासाठी सव्वापाचपर्यंत मुक्कामाच्या गवतापाशी पोचा, गाडी उभी करा आणि हलू नका. पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून, गवताच्या टोकांवरून हाताच्या उंचीने तरंगत ते येतात. आधी घिरट्या, मग एकेक जण एकदम पाय सोडून गवतात उतरतो आणि दिसेनासा होतो. गाडी पुढे-मागे केलीत तर उतरलेले परत उडतात, आणि हा त्यांचा अंधारापूर्वीचा शेवटचा निवांत वेळ असतो. फाटक बंद व्हायची वेळ गाइडला आधी विचारून परतीचा हिशेब करा.

ओळखायचे कसे : पॅलिड हॅरियरचा नर फिकट राखाडी, पंखाच्या टोकाला अरुंद काळा त्रिकोण. माँटेग्यूच्या नराला पंखावर वरून एक काळी पट्टी, खालून दोन, आणि कुशीवर तांबूस रेघा. दलदली हॅरियर मोठा, गडद तपकिरी, मादीचं डोकं मलईच्या रंगाचं. पहिल्या दोघांच्या माद्या आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्या वेगळ्या ओळखणं जाणकारांनाही जड जातं, त्यात वेळ घालवू नका.

भोवत्याचं मोठं खाणं टोळ आणि नाकतोडे. ज्या वर्षी आजूबाजूच्या शेतात फवारणी जास्त, त्या वर्षी खाणं कमी. त्यामुळे आवाराच्या बाहेरची शेतंही या पक्ष्यांच्या हिशेबात धरावी लागतात.

दांडियाबाजार१९

तणमोर हा गवतातला पक्षी कधी दिसतो? पावसाळ्यात नर उड्या मारतो ते बघायचं आहे. ऑगस्टमध्ये गेलो तर?

भालवाट

ऑगस्टमध्ये उद्यान बंद असतं. १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद, १६ ऑक्टोबर ते १५ जून उघडं. तणमोर, गुजरातीतला खडमोर, नेमका त्या बंदच्या काळातच गवतात घरटं करतो. मादी जमिनीवर अंडी घालते, म्हणून पाय किंवा चाक पडण्याचा धोका खरा आहे. २०२१ पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. बाहेरच्या शेतातून, रस्त्याच्या कडेने त्याच्या मागे गाड्या फिरवणं मला मान्य नाही. नर उडी मारतो तेव्हा तो जागा राखत असतो आणि मादीला बोलावत असतो. त्याच्यापाशी दिवसभर माणसं उभी राहिली तर मादी येत नाही. ज्यांना अभ्यास करायचा आहे ते परवानगी घेऊन करतात. बाकीच्यांनी हिवाळ्यात जावं.

उद्यान उघडल्यावर लगेच, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्यांना एक सूचना. पाऊस उशिरापर्यंत चालला असेल तर आतली काळी चिकणमाती ओली असते. चाकाला चिकटून गोळा होते, मडगार्डमध्ये भरते आणि गाडी फिरत राहते पण पुढे जात नाही. आणि गवत तेव्हा छातीएवढं असतं, काळविटांची नुसती शिंगं दिसतात.

राजमहाल_रोड

महिन्यांचा हिशेब मी असा मांडेन. डिसेंबर-जानेवारी : पक्षी सर्वाधिक, गवत सोनेरी पण अजून उंच, थंडी चांगली. फेब्रुवारी शेवट ते एप्रिल सुरुवात : गवत खाली बसलेलं, नरांची वीण. कारेलीबागकरांच्या जानेवारीत ही वीण जोरात नसेल, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा नको.

विणीच्या काळात इथे काय होतं ते भारतात फार कमी ठिकाणी दिसतं. नर एका उघड्या जागी जवळजवळ उभे राहतात, प्रत्येकाचा तुकडा काही मीटरचा. शास्त्रज्ञ याला लेकिंग म्हणतात. प्रत्येक नर आपल्या तुकड्यात लेंड्यांचा ढीग घालतो, रोज त्याच जागी, म्हणजे हद्दीची खूण. डोळ्यापुढची ग्रंथी गवताच्या काडीवर घासतो. मादी जवळ आली की डोकं मागे, शिंगं पाठीवर टेकलेली, कान खाली, शेपूट वर वळलेली, आणि नर मोजून-मापून पावलं टाकत तिच्याकडे सरकतो. माद्या एकापाठोपाठ तुकडे ओलांडत जातात आणि बहुतेक नरांकडे बघतही नाहीत. शेजारचे दोघे भिडले तर शिंगांचा खडखड आवाज गाडीत ऐकू येतो. यासाठी सकाळची पहिली दोन तासांची वेळ. गाडी शंभर मीटरवर थांबवा, त्याहून जवळ गेलात तर माद्या येणं थांबतं आणि अख्खा दिवसाचा खेळ मोडतो.

नर तीन वर्षांचा झाल्यावर काळा होत जातो. मुलीला हे खेळासारखं सांगा : पूर्ण काळा कोण, तपकिरी कोण, शिंगांना पिळे किती. माद्यांना इथे शिंगं नसतात. तासभर ती गाडीत कंटाळणार नाही.

कारेलीबागकर

फारच मदत झाली. लांडगा दिसण्याची किती शक्यता? आणि आईंचं काय?

भालवाट

लांडगा नशिबावर. वेळावदर हे भारतीय लांडग्यासाठी ओळखलं जाणारं राष्ट्रीय उद्यान आहे, काळविटांवर त्याची शिकार कशी चालते यावर वन्यजीव शास्त्रज्ञ यादवेंद्रदेव झालांचं काम याच गवतातलं. तरीही दोन फेऱ्यांत दिसेलच असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कळप एका दिशेला माना वळवून ताठ उभा राहिला असेल तर तिकडे दुर्बीण लावा. लांडगा बहुतेक वेळा असाच सापडतो : आधी काळविटांना दिसतो, मग तुम्हाला. तरस मात्र संध्याकाळी उशिरा बिळाबाहेर येतो. बिळाजवळ थांबायचा आग्रह गाइडला करू नका.

गाइडला सुरुवातीलाच काय सांगायचं ते महत्त्वाचं. "लांडगा दाखवा" म्हटलंत तर गाडी दोन तास नुसती पळत राहते. "एका जागी अर्धा तास थांबू, मग पुढे" असं सांगा. सपाट उघड्या रानात जनावराला गाडी खूप लांबून दिसते. थांबलेली गाडी दहा मिनिटांत विसरली जाते, पळणारी गाडी कधीच नाही.

मांजलपूर_पाखरू

आईंसाठी : आत गाडीतून उतरता येत नाही, म्हणजे चालायचं नाही, गुडघ्यांना तो त्रास नाही. पण तीन तास गुडघा वाकवून बसणं जड जातं. पुढची सीट द्या, मागे सरकवलेली, गुडघ्याखाली छोटी उशी. फेरीआधी स्वागतकक्षाशी स्वच्छतागृह वापरून घ्या. सकाळी पाणी थोडं थोडं प्यायला सांगा. जीप घेतलीत तर चढायला पायरी उंच असते, छोटं स्टूल बरोबर ठेवा.

सकाळी गार असतं, उघड्या जीपमध्ये वारा झोंबतो. कानटोपी, शाल, लोकरी मोजे. नऊनंतर हे सगळं काढावं लागेल, म्हणून एकावर एक पातळ कपडे. रंग मातकट. लाल-पांढरा-पिवळा नको.

खाणं : दशम्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी, गांठिया. आत डबा उघडू नका. कागद-प्लास्टिक गाडीतच ठेवा, उडालेली पिशवी काळविटाच्या पोटात जाते. पाणी माणशी किमान दोन लिटर. तिथल्या जमिनीत क्षार आहे, विहिरीचं पाणी मचूळ लागतं.

राजमहाल_रोड

टायरबद्दल कोणी लिहिलं नाही. वेड्या बाभळीचा काटा बाजूच्या रबरात शिरतो आणि तिथलं पंक्चर धड निघत नाही. निघण्याआधी सुट्या टायरची हवा तपासा, जॅक आणि पाना चालतो का बघा. रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत गाडी लावू नका, काटे तिथेच पडलेले असतात.

ही वेडी बाभूळ, गुजरातीत गांडो बावळ, मूळची परदेशातली. उन्हाळ्यात गवत संपलं की काळविटं तिच्या शेंगा खातात, आणि लेंड्यांतून बिया गवतात पडतात. त्यामुळे ती वाढतच जाते आणि उघडं रान बंद होत जातं. काळविटाला मोकळं मैदान लागतं, दूरवर दिसलं तरच ते वाचतं. भावनगर संस्थानाने ही विडी, म्हणजे राखीव कुरण, राखली, पुढे १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र अवघं ३४ चौरस किलोमीटर. वडोदरा शहराच्या मानाने हा तुकडा किती लहान आहे बघा. सरकारी दफ्तरांत गवताळ रानं वर्षानुवर्षं "पडीक" म्हणून लिहिली गेली, आणि म्हणून आजही कोणी तिथे झाडं लावायची टूम काढतं. तसं होऊ देऊ नये. गवतात झाडं लावली की गवत मरतं, आणि गवताबरोबर भोवत्या, तणमोर, काळवीट, लांडगा सगळे.

कारेलीबागकर

ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. मंगळवारी साडेनऊला निघणार, सात आसनी गाडी भाड्याने. वासद-तारापूर-वटामण-धोलेरा. टाकी तारापूरला भरणार. दोनला पोचून जरा विश्रांती, साडेतीनला फेरी, सव्वापाचला हॅरियरच्या गवतापाशी. मुक्काम काळियार भवन मिळालं तर, नाहीतर भावनगर. बुधवारी सकाळी फाटक उघडल्यावर दुसरी फेरी, साडेदहाला निघून दुपारी घरी. परतताना लोथल करावं का?

भालवाट

योजना उत्तम. लोथल वाटेवरून थोडं आत आहे, बुधवारी चालेल. शुक्रवार असता तर तिथलं संग्रहालय बंद असतं. पण आईंना दोन दिवसांत तेवढं जमेल का, हे त्यांनाच विचारा. त्यापेक्षा भालातून येताना गव्हाची पिशवी घ्या. भालिया गहू, जुनं नाव दाऊदखानी, ओलाव्यावरच वाढणारा, पाणी न देता पिकणारा. त्याच्या रव्याचा शिरा मोकळा होतो, चिकट गोळा होत नाही. पोळीला मात्र तो वापरू नका, कडक होते.

फाटकावर पैसे भरल्यावर पावतीवर गाडीचा क्रमांक बरोबर आहे का ते तिथेच वाचून घ्या. भाड्याची गाडी असल्यावर तो हमखास चुकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात परत कचेरी उघडेपर्यंत उभं राहावं लागतं.